अंजिरांच्या पाच बरण्या

चार माणसांचा स्वयंपाक कोणीही करील, खरी कसोटी दोघांच्या स्वयंपाकात, असं सासूबाई म्हणायच्या. अर्धी वाटी तांदूळ पातेल्याच्या बुडालाच लागतो. एक बटाटा घातला तर सूप पाणचट, दोन घातले तर तेच सूप दुसऱ्या दिवशीही समोर येतं. पण चार वर्षांत त्यांनी हे गणित असं काही बसवलं होतं, की जेवण झाल्यावर भांड्यात चमचाभर उरत नसे आणि कोणी अर्धपोटीही उठत नसे.

त्या घरात माणसं दोनच. सासूबाई आणि त्यांचा जावई. मुलगी आजारी पडली तेव्हा तिचं करायला म्हणून त्या एक बॅग घेऊन आल्या होत्या. सात महिन्यांनी मुलगी गेली. बॅग कपाटावर चढली ती तिथेच राहिली. जावई 'राहा' म्हणाला नाही, त्याही 'जाते' म्हणाल्या नाहीत. सुरुवातीला शेजारीपाजारी कुजबुजले, मग त्यांनाही सवय झाली.

जावई चष्म्याच्या दुकानात कारागीर होता. भिंगं घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, फ्रेमच्या खाचेत अलगद बसवायची. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, म्हणून तो एकेक भिंग तीनतीनदा मोजायचा. गल्लीत त्याला सगळे भिंगवालाच म्हणत. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा, आणि कोणी रागावेल या नुसत्या कल्पनेने धास्तावणारा माणूस. हे शेवटचं फारसं कोणाला माहीत नव्हतं.

फळं टिकवण्याचा सासूबाईंना नादच होता. उन्हाळ्यात जर्दाळू, मग आलुबुखार, त्यानंतर अंजीर, थंडीत संत्री. बरण्या सगळ्या लहान, मुठीत मावतील एवढ्या. "मोठी बरणी उघडली की आपण दोघं ती संपवणार कधी?" असं म्हणून त्यांनी मोठ्या बरण्या केव्हाच वाटून टाकल्या होत्या. घरात लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या शेजाऱ्यांकडे जायच्या. जड पातेलं उचलायचं काम मात्र आता त्यांच्या मनगटांना झेपत नसे. ते जावयाकडे आलं होतं.

अंजिराचं त्यांनी त्याला पढवून ठेवलं होतं. "अंजीर गोड, पण आंबट अजिबात नाही. आणि आंबटपणा नसला की बंद बरणीत नको ते वाढतं. म्हणून प्रत्येक बरणीत दोन चमचे लिंबाचा रस. आणि झाकण लावल्यावर खळखळत्या पाण्यात पाऊण तास. त्याला पर्याय नाही."

त्या गुरुवारी दुकानाला सुट्टी होती. सकाळी सासूबाईंनी सहा बरण्या स्वतः पुऱ्या केल्या. दुपारी आणखी पाच भरून ओट्यावर ठेवल्या आणि तेवढ्यात दाताच्या डॉक्टरांकडून फोन आला, की साडेतीनला मोकळा वेळ आहे, येता का. आठवडाभर दाढ ठणकत होती. त्या घाईघाईने चपला घालत म्हणाल्या, "ती तीन लिंबं पिळा, रस गाळून घाला, आणि बरण्या पातेल्यात सोडा. बाकी तुम्हाला सांगायला नको."

"तुम्ही निर्धास्त जा, आई," तो म्हणाला.

आता खरं म्हणजे चार वाजता त्याला बाहेर जायचं होतं. दुकानात माल मोजायचा आहे, असं त्याने सासूबाईंना सकाळीच सांगून ठेवलं होतं. ती थाप होती. पुस्तकं बांधणाऱ्या एक बाई होत्या. जवळचं दिसत नाही म्हणून वर्षापूर्वी चष्मा करायला आल्या, मग फ्रेम सैल झाली म्हणून आल्या, मग काहीच कारण नसताना आल्या. वय चाळिशीपार, बोटांना कायम सरस चिकटलेला, आणि हसणं असं की दुकानातले दुसरे लोक मान वर करून बघत. त्या दिवशी त्यांनी त्याला आपलं काम बघायला बोलावलं होतं. चार वाजता. चहाला.

बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. त्याने कोणाकडे चहा प्यायला जाण्यात काही वाईट नव्हतं. पण जिची मुलगी गेली ती बाई आपल्यासाठी रोज अर्धी वाटी तांदूळ मोजून घेते, तिला हे कसं सांगायचं, हे काही त्याला सुचत नव्हतं. म्हणून माल मोजायची थाप.

त्याने घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. लिंबं पिळायची, बिया गाळायच्या, मग पाऊण तास. म्हणजे साडेचार होऊन गेले असते. जेमतेम एक मिनिट तो ओट्यापाशी उभा राहिला. मग त्याने तशीच झाकणं लावली, बरण्या उकळत्या पाण्यात सोडल्या आणि बारा मिनिटांनी बाहेर काढल्या. पुसून फडक्यावर ओळीने ठेवल्या. थोड्या वेळात एकेक झाकण टक् करून आत बसलं. सकाळच्या सहा आणि या पाच यांत कोणालाही फरक दिसला नसता.

लिंबांचं काय करायचं? ओट्यावर राहिली तर पितळ उघडं पडणार. त्याने तिन्ही लिंबं कोटाच्या खिशात टाकली आणि जवळजवळ पळतच निघाला.

बाइंडरबाईंच्या खोलीत कागदाचा आणि सरसाचा वास होता. कोट खुर्चीवर टाकताना एक लिंबू खिशातून घरंगळलं. "अरे वा! चहात पिळायला घेऊन आलात?" असं म्हणून त्या मोकळेपणाने हसल्या. त्याने मान डोलावली. दोघांनी लिंबाचा चहा घेतला. तो दीड तास त्याच्या आयुष्यातला बऱ्याच दिवसांतला चांगला दीड तास होता.

घरी आला तेव्हा सासूबाई गालाला फडकं धरून बरण्या मोजत होत्या. "अकरा. पाऊण तास झाला ना पुरा?"

"झाला."

"आणि लिंबू?"

"घातलं."

"मी तरी काय विचारत बसलेय. तुम्ही म्हणजे चालतंबोलतं घड्याळ," त्या म्हणाल्या आणि सगळ्या बरण्या त्यांनी कपाटात लावल्या. सकाळच्या कुठल्या आणि दुपारच्या कुठल्या, ते त्यानंतर त्यालाही सांगता आलं नसतं.

उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. उद्याचा परवा झाला. पहिली बरणी उघडली तेव्हा त्याने ती आपल्यापुढे ओढली. आधी आपण खाऊन बघावं म्हणून तो घाईने दोन फोडी खाऊन बसला, आणि दोन दिवस स्वतःची नाडी बघत राहिला. काहीच झालं नाही. मग त्याचं मन हळूहळू निवांत झालं. जुन्या बायका उगाच घाबरवतात, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

तीन आठवडे गेले. एका सकाळी वरच्या मजल्यावरचे मास्तर दुकानात आले. हे निवृत्त संगीतशिक्षक, एकटेच राहायचे. सासूबाईंची एक बरणी दर हंगामात त्यांच्याकडे ठरलेली. ते काउंटरला धरून उभे राहिले आणि जड जिभेने म्हणाले, "तुमच्या चष्म्यात गडबड आहे हो. सगळं दोन-दोन दिसतंय."

भिंगवाल्याने चष्मा तपासला. नंबर बरोबर, मध्य बरोबर. "चष्मा काढून बघा बरं. किती बोटं?"

"चार."

त्याने दोनच धरली होती. एक डोळा झाकायला सांगितला तेव्हा मास्तर म्हणाले, "आता दोन." तेव्हा त्याचं लक्ष गेलं. मास्तरांच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या, झोप अनावर झालेल्या माणसासारख्या, आणि ते त्या वर उचलू बघत होते पण उचलत नव्हत्या. त्याने दुकान सहकाऱ्यावर सोपवलं आणि त्यांना टॅक्सीत घालून थेट इस्पितळात नेलं.

तरुण डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचे डोळे पाहिले, हात उचलायला सांगितले, आणि एकदम विचारलं, "घरी बंद केलेलं काही खाल्लंत का? डब्यातलं, बरणीतलं?"

मास्तरांना धड बोलता येत नव्हतं. "अंजीर," ते म्हणाले. "काल. खालच्या बाईंनी दिलेले."

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत आहे ती बरणी?"

"आमच्याच घरची आहे. आणतो," तो म्हणाला आणि अर्ध्या तासात मास्तरांच्या स्वयंपाकघरातली उरलेली बरणी पिशवीत घालून घेऊन आला. उपचाराला लागेल तेवढं खरं त्याने सांगितलं. त्यापुढचं गिळलं.

बंद बरणीत हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंचं विष होतं ते. औषध वेळेवर मिळालं, तरी मास्तर चार दिवस श्वासाच्या यंत्रावर होते. त्या चार दिवसांत भिंगवाला दुकान सुटल्यावर इस्पितळाच्या बाकावर जाऊन बसायचा. सगळ्यांना वाटे, काय भला शेजारी आहे! सासूबाईही म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून वाचले." त्याला वाटे, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं.

पाचव्या दिवशी आरोग्य खात्यातल्या एक बाई घरी आल्या. हातात फॉर्म, पायात भक्कम बूट, बोलणं सरळ. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, पातेलं पाहिलं, झाकणं उलटसुलट करून पाहिली.

"हे सगळं कोण करतं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"अंजिरात लिंबू घातलं होतं?"

"घालतेच. चाळीस वर्षं घालतेय."

"या खेपेला?"

सासूबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "सकाळच्या सहा मी केल्या. दाढ दुखत होती, लक्ष ठिकाणावर नव्हतं. दुपारच्या यांनी केल्या." त्या जावयाकडे वळल्या. "तुम्ही तर सगळं घड्याळ लावून केलंत. लिंबू, पाऊण तास. हो ना?"

बाईंचं पेन फॉर्मवर थांबलं होतं. दोन बायका त्याच्याकडे बघत होत्या. एवढा एक क्षण होता. नंतर कित्येक दिवस तो मनातल्या मनात त्या क्षणापाशी परत जायचा आणि दर वेळी वेगळं उत्तर द्यायचा.

"हो," तो म्हणाला.

"मग माझ्याच हातून राहिलं," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, पण त्या पटकन खाली बसल्या. "सहापैकी एकात राहिलं असेल. का सगळ्यांतच राहिलं, देव जाणे. मला तर पक्कं आठवतंय घातल्याचं. पण आठवतंय त्याला आता काय अर्थ आहे?"

बाईंनी लिहून घेतलं. वयोमान, विस्मरण, असं काहीतरी. अंजिराच्या बरण्या त्यांनी खोक्यात घालून नेल्या. उरलेल्या जर्दाळूच्या आणि आलुबुखाराच्या बरण्यांना कोणी हात लावा म्हटलं नव्हतं. त्या सासूबाईंनी स्वतः रिकाम्या केल्या. त्या एकेक झाकण उघडून कचऱ्याच्या पिशवीत ओतत होत्या आणि भिंगवाला शेजारी उभा राहून रिकाम्या बरण्या धूत होता.

त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाक सोडला. आधी म्हणाल्या, चार दिवस विश्रांती घेते. मग म्हणाल्या, शेगडी तुम्हीच लावत जा, माझा भरवसा नाही. मीठ घातलं की नाही, बटण बंद केलं की नाही, दार ओढलं की नाही, हे त्या तीनतीनदा बघायच्या, आणि तरीही अंथरुणावरून उठून परत जायच्या. वहीत लिहून ठेवायला लागल्या. 'गोळी घेतली. दहा वाजता. खरंच घेतली.' ते शेवटचे दोन शब्द वाचून भिंगवाल्याने वही घाईने मिटली.

जेवायला आता तो पाव आणायचा, अंडी उकडायचा, कधी तयार भाजीचा डबा. दोघं समोरासमोर बसायची. त्याचं मीठ कधी कमी, कधी जास्त. त्या एक अक्षर बोलायच्या नाहीत. पूर्वी त्या मीठ जरा वर झालं तरी टेबल डोक्यावर घ्यायच्या. आता त्यांच्या टोमण्यांसाठी त्याचे कान आसुसले होते.

डॉक्टरांकडे स्मरणशक्तीची तपासणी झाली. पाच शब्द लक्षात ठेवायचे, घड्याळाचं चित्र काढायचं. सगळं बरोबर आलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, ठणठणीत आहात. पण बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्यांना काय कळतंय? एक माणूस मरता मरता वाचलाय. ते काय चित्र काढून भरून येणार आहे?"

मास्तर तीन आठवड्यांनी घरी आले. आवाज घोगरा, बोटं अजून अशक्त. सासूबाई रोज दुपारी वर जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायच्या, आणि दर वेळी माफी मागायच्या. "अहो बाई, होतं असं या वयात," मास्तर म्हणायचे. "माझंही होतं." त्या मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. एकदा भिंगवाला औषध द्यायला गेला तेव्हा हे त्याच्या समोरच झालं. औषधाची बाटली ठेवून तो जिना उतरला आणि मधल्या पायरीवर बसून राहिला.

मग सासूबाईंच्या मुलाचा फोन आला. भिंगवाल्याचा हा मेहुणा दुसऱ्या शहरात राहायचा, स्वभावाने रोखठोक. "आई आता माझ्याकडे येईल," तो म्हणाला. "तुम्ही पुष्कळ केलंत. पण तुम्ही दिवसभर दुकानात, आणि ती शेगडीपाशी एकटी. उद्या घर पेटवून ठेवील." रविवारी गाडी घेऊन येतो, असंही त्याने ठरवून टाकलं.

सासूबाई लगेच हो म्हणाल्या. त्यांनी कपाटावरची बॅग काढायला लावली. जड पातेलं कोपऱ्यावरच्या बेकरीवालीला देऊन टाकलं.

शुक्रवारी दुकान सुटल्यावर भिंगवाला बाइंडरबाईंकडे गेला. दोन महिने तो त्यांना टाळत होता. त्या एका जाड पुस्तकाच्या पाठीला कापड चिकटवत होत्या. तो उभ्या उभ्याच बोलायला लागला आणि सगळं सांगून मोकळा झाला. त्यांनी हातातलं काम सोडलं नाही, कारण सरस वाळला असता. कापड पूर्ण बसल्यावरच त्यांनी वर पाहिलं.

"म्हणजे ती लिंबं..."

"हो."

"आपण दोघं ती चहात पिळून प्यायलो." त्या बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. "मला का सांगताय हे?"

"कोणाला तरी सांगायलाच हवं होतं."

"हो. पण मी ती कोणीतरी नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्यात हसण्याचा मागमूसही नव्हता. "मला सांगून तुम्हाला थोडं हलकं वाटेल आणि रविवारी तुमच्या सासूबाई गाडीत बसून निघून जातील. तुम्ही जा. त्यांना सांगितल्याशिवाय इकडे येऊ नका."

शनिवारी त्याने दुकानातून सुट्टी घेतली. सकाळी अकराच्या सुमाराला सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आपले काचेचे पेले जुन्या कागदात गुंडाळत होत्या. तो त्यांच्यासमोर खालीच बसला.

"आई, लिंबू तुम्ही विसरला नव्हतात."

"आता ते कशाला उकरता?"

"मी घातलं नव्हतं. दुपारच्या पाच बरण्यांत. तिन्ही लिंबं खिशात घालून मी बाहेर गेलो. आणि पाऊण तासही नाही. बारा मिनिटांत बरण्या काढल्या."

त्यांचे हात थांबले. पेला अर्धा गुंडाळलेला राहिला.

"बारा," त्या म्हणाल्या.

"हो."

"कुठे गेला होतात?"

"एका बाईंकडे. चहाला. तुम्हाला कसं सांगायचं ते कळत नव्हतं, म्हणून माल मोजायचा म्हणून सांगितलं."

"आणि ती खात्यातली बाई आली तेव्हा? मी तुमच्याकडे बघून विचारलं तेव्हा?"

"घाबरलो."

खालून कोणाची तरी सायकल गेली. सासूबाईंनी पेला खाली ठेवला, अगदी हळू, आणि त्यांचा चेहरा असा काही तांबडा झाला की त्याला भीती वाटली.

"दोन महिने," त्या म्हणाल्या. "दोन महिने मी रोज सकाळी उठून आधी स्वतःचं नाव आठवून बघत होते. आज तरी आठवतंय ना म्हणून. कळतंय का तुला? मी माझ्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आणून बघायचे, की हा तरी शाबूत आहे ना. आणि तू समोर बसून अंडी सोलत होतास!"

चार वर्षांत, किंबहुना लग्न झाल्यापासून एकोणीस वर्षांत, त्यांनी जावयाला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्याला ते थपडेसारखं लागलं, आणि त्याहून विचित्र म्हणजे ते लागल्यावर त्याला रडू आलं.

"रडू नकोस," त्या कडाडल्या. "आता मी तुला समजवत बसू? ऊठ. मास्तरांना सांगितलंस?"

"नाही."

"चल."

त्या पुढे आणि तो मागे, अशी दोघं वर गेली. मास्तर खिडकीपाशी बसून बोटांचा व्यायाम करत होते. त्याने सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. मास्तरांनी त्याला मध्येच थांबवलं नाही. त्याचं झाल्यावर ते सासूबाईंकडे वळले.

"बाई, मी रोज तुम्हाला म्हणत होतो, होतं असं या वयात. तुम्ही ऐकून घेत होतात. ते आता मी परत कसं घेऊ?"

"तुम्ही चांगुलपणाने म्हणत होतात," सासूबाई म्हणाल्या.

"तेच तर," मास्तर म्हणाले. मग भिंगवाल्याकडे न बघताच त्यांनी दाराकडे बोट केलं. "तुम्ही जा आता. मला तुमचा राग आलाय आणि राग करायला लागणारा श्वास माझ्याकडे अजून नाही."

सोमवारी त्याने आरोग्य खात्यात जाऊन लेखी दिलं. त्या बूटवाल्या बाईंनी वाचलं, आधीचा कागद काढला आणि त्याच्यासमोर 'विस्मरण' या शब्दावर आडवी रेघ मारली. शेजारी त्याची सही घेतली. "त्यांना सांगितलंत?" एवढंच त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. त्या बाईंना आपण दिलेलं हे पहिलं खरं 'हो', हे त्याच्या लक्षात आलं.

पण मधल्या रविवारचं सांगायचं राहिलं. ठरल्याप्रमाणे मेहुणा गाडी घेऊन आला. सासूबाईंनी त्याला दारातच सगळं सांगितलं, आणि तो हातघाईवरच यायचा, पण त्यांनी त्याला बाजूला ढकललं. भिंगवाल्याला वाटलं होतं, आता त्या जाणार नाहीत. त्यांनी मात्र बॅग उचलून गाडीत ठेवली.

"मी वेडी झाले म्हणून जात नाहीये," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड बघवत नाही म्हणून जातेय. दोन्हींत फरक आहे. परत कधी येईन ते माझं मी बघीन."

ते सहा आठवडे भिंगवाल्याने एकट्याने काढले. एकट्याचा स्वयंपाक तर दोघांच्यापेक्षाही अवघड निघाला. दर बुधवारी तो फोन करायचा. "सूपमध्ये मीठ आधी घालायचं की शेवटी?" असं काहीतरी विचारायचा. त्या तेवढ्यापुरतं उत्तर द्यायच्या आणि फोन ठेवायच्या. चौथ्या बुधवारी त्यांनी स्वतःहून एक वाक्य जास्त टाकलं. "इथली सून चांगली आहे, पण सगळं सहा माणसांचं रांधते आणि चार दिवस तेच खायला घालते."

संत्री बाजारात आली त्या आठवड्यात एका सकाळी कुलपात किल्ली फिरली. सासूबाई आत आल्या, बॅग ठेवली, ओट्यावर बोट फिरवून धूळ बघितली आणि म्हणाल्या, "बेकरीवालीकडून माझं पातेलं माघारी घेऊन ये. दिलं होतं ते वेड्या बाईने दिलं होतं."

त्याने ते आणलं. पण त्यांनी त्याला संत्र्यांना हात लावू दिला नाही. साली काढायच्या, बारीक चिरायच्या, पाकाचा थेंब थंड बशीवर टाकून बघायचा, बरण्या पाण्यात सोडायच्या, सगळं त्यांनी एकटीने केलं. मनगटाला पट्टी बांधून पातेलंही स्वतः उतरवलं. तो पुढे झाला तेव्हा त्या नुसतं "नको" म्हणाल्या. त्याने भांडी घासली. हे असंच पुढेही चालू राहिलं. माफ केलं, असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही आणि त्यानेही विचारायचं धाडस केलं नाही. मास्तर मात्र दोनेक महिन्यांनी जिन्यात थांबून चष्म्याची दांडी सैल झाल्याचं सांगायला लागले. भिंगवाल्याने ती तिथेच, जिन्यात उभ्या उभ्या आवळून दिली.

थंडी सरता सरता एकदा सासूबाई म्हणाल्या, "त्या चहावाल्या बाईला रविवारी जेवायला बोलव."

तो गडबडून गेला. "कशाला?"

"मला बघायचीय. तुझी कोणी लागो न लागो."

बाइंडरबाई आल्या, हातांना सरस न लागलेल्या, थोड्या घाबरलेल्या. तिघांसाठी काय आणि किती करायचं, यावर सासूबाईंनी दोन दिवस डोकं लढवलं होतं. भाजलेले बटाटे, भात, भाज्यांचं दाट सूप. जेवण निम्मं झाल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला आणि पाहुणीकडे सरळ बघितलं.

"माणूस वाईट नाही," त्या जावयाकडे हात करून म्हणाल्या, जणू तो तिथे नव्हताच. "माझ्या मुलीचं त्याने शेवटपर्यंत केलं. मी डोळ्यांनी बघितलंय. पण घाबरला की खोटं बोलतो. आणि त्याचं खोटं दुसऱ्याच्या अंगावर येतं. हे तुला आधी माहीत असलेलं बरं."

"माहीत आहे मला," बाइंडरबाई म्हणाल्या.

"मग ठीक," सासूबाई म्हणाल्या.

भिंगवाल्याचे कान लालबुंद झाले होते. नाकारण्यासारखं त्यात काही नव्हतं. भाताचं भांडं त्याच्या हाताशी होतं. त्याने ते उचललं, आधी पाहुणीपुढे केलं, मग सासूबाईंपुढे. त्यांनी दोन चमचे वाढून घेतले आणि मीठ जरा कमी पडल्याचं स्वतःच कबूल केलं.